नौपाड्यातला एक दवाखाना आणि कायमच्या डॉक्टरांचे मोल

ठाण्याच्या नौपाडा भागात, गोखले रस्त्याला मिळणाऱ्या एका आडगल्लीत, जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर असलेल्या एका खासगी दवाखान्याविषयी हा अभिप्राय आहे. सासू-सासऱ्यांचे जुने आजार, माझे आणि यजमानांचे अधूनमधूनचे दुखणे, मुलांचा ताप-खोकला अशा सर्व कारणांसाठी आमचे कुटुंब अनेक वर्षे येथेच जात आले आहे. दवाखान्याचे आणि डॉक्टरांचे नाव मी मुद्दाम देत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना जाहिरात करून रुग्ण मिळवण्यास मनाई केलेली आहे, आणि या डॉक्टरांना तो नियम इतका मनापासून मान्य आहे, की रुग्णाने केलेला गाजावाजाही त्यांना आवडणार नाही. शिवाय मला जे सांगायचे आहे ते एका दवाखान्यापुरते नाही. आपल्याला आणि आपल्या घराला वर्षानुवर्षे ओळखणारा एक डॉक्टर असला की प्रत्यक्षात काय मिळते, आणि त्याच्या मर्यादा कोठे येतात, ते या दवाखान्याच्या अनुभवातून नीट मांडावे असा माझा हेतू आहे.

दवाखान्याची रचना अगदी साधी आहे. बाहेरच्या खोलीत दोन लांब बाकडी, एक पंखा, कंपाउंडरकाकांचे टेबल आणि त्यांच्यामागे केसपेपरांची लोखंडी कपाटे आहेत. आतल्या खोलीत तपासणीचे टेबल, वजनकाटा, उंचीची पट्टी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याचे छोटे उपकरण आणि ईसीजीचे यंत्र आहे. सकाळी साडेनऊ ते साडेबारा आणि सायंकाळी सहा ते साडेनऊ अशी वेळ असून गुरुवारी सायंकाळी आणि रविवारी दवाखाना बंद असतो. फोनवर नंबर लावता येत नाही. येऊन नंबर घ्यायचा आणि थांबायचे. तपासणीची फी अडीचशे रुपये आहे आणि दोन-तीन दिवसांची औषधे दवाखान्यातूनच दिली तर साडेतीनशेपर्यंत जाते. नुसता अहवाल दाखवायला आलेल्या जुन्या रुग्णाकडून बहुतेक वेळा काहीच घेतले जात नाही.

कंपाउंडरकाकांना आडनाव सांगितले की ते कपाटातून आमच्या घराचा गठ्ठा काढतात, कारण येथील केसपेपर माणसागणिक सुटे न ठेवता घराच्या क्रमांकाखाली एकत्र बांधलेले असतात. सासऱ्यांचा मधुमेह कोणत्या वर्षी सुरू झाला, त्यांच्या वडिलांना हृदयविकार होता का, माझ्या मुलीला कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते, यजमानांनी तंबाखू केव्हा सोडली, हे सर्व त्या एका गठ्ठ्यात आहे. डॉक्टर रुग्णाशी बोलायला सुरुवात करण्याआधी मागचे पान वाचतात. ही सवय मला या दवाखान्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते, आणि तिचे महत्त्व किती आहे ते सासूबाईंच्या एका प्रसंगावरून सांगते.

सासूबाईंचे वय सत्तरीच्या पुढे आहे. वार्षिक तपासणीत त्यांचे हिमोग्लोबिन १२.२ आले. स्त्रियांसाठी १२ च्या खालचा आकडा रक्तक्षय मानला जातो, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालात त्या ओळीसमोर कोणतीही खूण नव्हती आणि ठळक अक्षरेही नव्हती. तो कागद पहिल्यांदाच पाहणाऱ्या कोणालाही सर्व काही ठीक आहे असेच वाटले असते. आमच्या डॉक्टरांनी मात्र मागची पाने उलटली. आधीच्या सलग तीन वर्षांत तोच आकडा १३.५ ते १३.८ च्या दरम्यान राहिलेला होता. त्यांनी कागद बाजूला ठेवून विचारले, “काकू, गुडघ्यासाठी कुठली गोळी चालू आहे का? मेडिकलमधून परस्पर आणलेली असली तरी सांगा.” सासूबाई आधी गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “शेजारच्या वहिनींनी सांगितलेली एक घेते, डॉक्टर. दुखलं की घेते.” पुढचा प्रश्न शौचाचा रंग काळपट होतो का, असा होता, आणि तो होत होता.

वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने जठराच्या अस्तराला जखम होऊन त्यातून थोडेथोडे रक्त जात राहते, वयस्कर माणसांत हे बरेचदा पोट न दुखताच होते, आणि काळपट, चिकट शौच हीच त्याची खूण असते, हे त्यांनी आम्हाला त्याच वेळी समजावून सांगितले. गोळी तेथेच बंद झाली. पोटविकारतज्ज्ञांना लिहिलेली चिठ्ठी हातात मिळाली आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठरातला व्रण सापडला. औषधांनी तो भरून आला आणि काही महिन्यांनी हिमोग्लोबिन पूर्वीच्या जागी आले. या सर्व प्रकरणात महागडे असे काही घडलेले नाही. प्रयोगशाळेच्या अहवालातली मर्यादा लाखो लोकांसाठी एकच असते. एका माणसासाठी नेहमीचे काय आहे, हे मात्र ज्याच्यापाशी त्याची जुनी नोंद आहे त्यालाच कळते. १२.२ हा आकडा सर्वसाधारण होता, पण सासूबाईंसाठी तो सर्वसाधारण नव्हता.

सासऱ्यांच्या बाबतीतही अशीच एक गोष्ट घडली. त्यांच्या घोट्यांवर सूज येऊ लागली, तेव्हा आम्ही नात्यातल्या एका लग्नासाठी परगावी होतो आणि तेथील एका डॉक्टरांनी सूज उतरावी म्हणून लघवी जास्त होण्याची गोळी लिहून दिली. ठाण्यात परतल्यावर आमच्या डॉक्टरांनी केसपेपर पाहिला आणि रक्तदाबासाठी सुरू केलेल्या अॅम्लोडिपिनचा डोस वाढवल्याची तारीख आणि सूज सुरू झाल्याचा काळ एकमेकांशी ताडून पाहिला. अॅम्लोडिपिनने काही रुग्णांच्या पायांवर सूज येते आणि ती मूत्रल गोळीने फारशी उतरत नाही. उलट त्या दुसऱ्या गोळीने वृद्ध माणसाला अशक्तपणा येतो, रात्री वारंवार उठावे लागते आणि अंधारात पडण्याची भीती निर्माण होते. त्यांनी हृदय आणि मूत्रपिंडाची दुसरी कारणे नाहीत ना, याची खात्री करून घेतली, रक्तदाबाची गोळी बदलली आणि नवी आलेली गोळी काढून टाकली. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध, आणि त्या दुसऱ्यामुळे तिसरे, ही साखळी वयस्कर माणसांच्या घरोघरी दिसते. ती तोडण्यासाठी गोळ्यांची पूर्ण यादी आणि त्यांच्या तारखा एका माणसापुढे असाव्या लागतात.

सासऱ्यांचा रक्तदाब हे डॉक्टर बसवून मोजतात आणि मग त्यांना उभे करून पुन्हा मोजतात. उठल्यावर रक्तदाब एकदम खाली जातो का, हे पाहण्याची ही साधी पद्धत आहे आणि तिला दोन-तीन मिनिटे जास्त लागतात. बाहेर नंबर तुंबलेले असतानाही ती दोन मिनिटे काढली जातात, याचे मला फार कौतुक वाटते.

पावसाळ्यात या दवाखान्याचे खरे स्वरूप दिसते. नौपाड्यात, वंदना सिनेमाच्या परिसरात, जोराच्या पावसात पाणी साचते हे ठाणेकरांना सांगायला नको. जुलै ते ऑक्टोबरपर्यंत बाकड्यांवर तापाचेच रुग्ण असतात, आणि त्या प्रत्येकाला डॉक्टर विचारतात की गेल्या दोन आठवड्यांत साचलेल्या पाण्यातून चालत गेला होतात का, पायाला जखम होती का. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची जी साथ आली, तिच्यापासून हा प्रश्न आपल्याकडच्या अनुभवी डॉक्टरांच्या तोंडी बसलेला आहे. पाण्यातून चालून आल्यावर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घेतली तर धोका कमी होतो, म्हणून जुने रुग्ण ताप येण्याआधीच, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली असतानाच, विचारायला येतात.

ताप आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तपासण्यांची लांबलचक यादी मिळत नाही. डेंग्यूचा संशय असेल तर पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन ही तपासणी उपयोगी पडते आणि त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी, हे ते सांगतात. तापासाठी केवळ पॅरासिटामॉल घ्यायला लावतात आणि अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांना सक्त मनाई करतात, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यांची सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र वेगळी असते. ताप उतरला की लोकांना बरे वाटू लागल्याचा समज होतो, आणि डेंग्यूत नेमके त्याच सुमारास, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, प्रकृती बिघडू शकते. म्हणून ताप गेला तरी दाखवायला यायचे, आणि पोटात जोराने दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण मरगळ यांपैकी काही दिसले तर दवाखान्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, असे ते प्रत्येक घराला बजावतात. मुलाला डेंग्यू झाला होता तेव्हा त्यांनी रोज सकाळी त्याला पाहिले, पेशी मोजायला लावल्या, आणि त्याला रुग्णालयात दाखल करण्याची गरज पडली नाही. रुग्ण ओळखीचा आणि घर भरवशाचे असल्यामुळेच त्यांना घरी ठेवण्याचा निर्णय घेता आला, असे मला वाटते. ज्या डॉक्टरांना रुग्ण उद्या परत येईल की नाही याची शाश्वती नसते, त्यांना पहिल्याच दिवशी सर्व तपासण्या आणि सर्व औषधे देऊन टाकावीशी वाटणे स्वाभाविक आहे. उद्या पुन्हा पाहता येणार आहे, एवढ्या एका खात्रीमुळे कितीतरी औषधे आणि तपासण्या वाचतात.

अँटिबायोटिकच्या बाबतीतही हेच लागू होते. सर्दी-खोकल्याला ते अँटिबायोटिक देत नाहीत, आणि आग्रह धरणाऱ्या रुग्णाशी ते शांतपणे पण ठामपणे बोलतात. केंद्र सरकारने २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक आणि क्षयरोगाची औषधे ‘एच-वन’ या परिशिष्टात घालून त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे औषध दुकानदारांवर बंधनकारक केले आहे, तरीही चिठ्ठीशिवाय गोळी मिळण्याची सोय अनेक ठिकाणी चालूच आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा खोकला तीन आठवडे हटत नव्हता आणि वजनही उतरले होते. त्यांना मी या दवाखान्यात नेले तेव्हा कळले, की त्यांनी वस्तीजवळच्या दुकानातून कसलीशी अँटिबायोटिक दोनदा आणून घेतली होती. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या काही अँटिबायोटिकने क्षयाची लक्षणे तात्पुरती दबतात आणि निदान लांबते, हे डॉक्टरांनी त्यांना त्यांच्या भाषेत समजावले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला म्हणजे थुंकी तपासायची, हा नियम त्यांनी त्याच दिवशी पाळला आणि चिठ्ठी देऊन ताईंना महापालिकेच्या आरोग्य केंद्रात पाठवले. तेथे तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळाली. क्षयाच्या रुग्णाची सरकारकडे नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि नोंद झाल्यामुळेच रुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम, जी नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये झाली आहे, ताईंच्या बँक खात्यात येऊ शकली. खासगी दवाखान्याने सरकारी व्यवस्थेचा दरवाजा दाखवणे हे आपल्याकडे पुरेसे होत नाही. येथे ते झाले, आणि ताई आज पूर्ण बऱ्या आहेत.

मोठ्या रुग्णालयाची गरज पडते तेव्हा कायमच्या डॉक्टरांचे काम संपते असा अनेकांचा समज आहे. आमचा अनुभव असा, की तेव्हाच ते वाढते. सासऱ्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला तेव्हा रुग्णालयात त्यांना हृदयरोगतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ अशा तिघांनी पाहिले आणि तिघांचेही काम उत्तम होते. परंतु घरी जाताना मिळालेल्या कागदावरील यादी आणि घरातील डब्यातील जुन्या गोळ्या यांची सांगड घालणे कोणाच्याच वाट्याला आलेले नव्हते. रुग्णालयाने लिहिलेली टेल्मिसार्टनची गोळी आणि घरातली आधीची रक्तदाबाची गोळी ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाखालची एकच वस्तू होती. पित्ताची गोळीही अशीच दोनदा झाली होती. आमच्या डॉक्टरांनी सर्व गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या, प्रत्येकीवरचे बारीक अक्षरांतील मूळ औषधाचे नाव वाचले आणि सकाळ, दुपार, रात्र असे रकाने आखलेला एक कागद स्वतःच्या हाताने लिहून दिला. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपुढे ‘हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये’ असे लाल शाईने लिहिलेले होते, कारण नवा स्टेंट बसवल्यानंतर या गोळ्या मध्येच थांबवल्या तर त्यात गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. पुढे दात काढण्याची वेळ आली तेव्हा दंतवैद्यांनी त्या गोळ्या बंद करण्याविषयी विचारले, आणि हा कागद पाहून आम्ही आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. तो कागद आजही आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि गोळी बदलली की बदलला जातो.

आरोग्यविम्याच्या कामीही या दवाखान्याच्या नोंदींचा आधार मिळाला, त्याचा थोडक्यात उल्लेख करते. दावा करताना आजाराचे निदान प्रथम केव्हा झाले, हे विमा कंपनी विचारते, आणि ते कागदाने दाखवता आले नाही तर दावा अडकतो. डॉक्टरांनी केसपेपर पाहून पहिल्या निदानाची तारीख असलेले पत्र दिले आणि काम मार्गी लागले.

कायमच्या डॉक्टरांचा लाभ ही केवळ आमच्या घराची समजूत आहे की त्याला काही व्यापक आधार आहे, असा प्रश्न वाचकांना पडेल. या विषयावर चांगले संशोधन झालेले आहे. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक रहिवाशाला ठरावीक एका डॉक्टरांकडे नाव नोंदवता येते, त्यामुळे कोण किती वर्षे एकाच डॉक्टरांकडे आहे याची तेथे नेमकी नोंद असते. सुमारे पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला तेथील अभ्यास ब्रिटनमधील कौटुंबिक वैद्यकाच्या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरांकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ असलेल्या लोकांत, एकच वर्ष झालेल्यांच्या तुलनेत, तातडीने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची आणि मृत्यूची शक्यता सुमारे पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी आढळली. त्याआधी २०१८ साली नऊ देशांतील बावीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यांपैकी अठरा अभ्यासांत डॉक्टर कायम असणे आणि मृत्यूचे प्रमाण कमी असणे यांचा संबंध दिसला. अशा अभ्यासांतून कारण निर्विवाद सिद्ध होत नाही, कारण स्थिर आयुष्य असलेली माणसे डॉक्टरही कमी बदलत असतील; तरीही इतक्या वेगवेगळ्या देशांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसावी, हे मला पुरेसे बोलके वाटते. नॉर्वेत ही व्यवस्था सरकारने उभी केली आहे. आपल्याकडे ती प्रत्येक घराला आपल्या हिमतीवर उभी करावी लागते.

ठाण्यात हे काम दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. आम्ही पाचपाखाडीत राहत होतो तोवर हा दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. आता आम्ही घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याला राहतो. तेथे उंच इमारती आहेत, मोठी रुग्णालये आहेत, प्रत्येक अवयवाचे तज्ज्ञ आहेत, पण संध्याकाळी पायी जाऊन गाठावा असा, पुढची वीस वर्षे तेथेच बसेल असा साधा दवाखाना शोधून सापडत नाही. गाळ्यांची भाडी पाहिली तर अडीचशे रुपयांच्या फीवर तेथे कोणी बसेल कसे, हाही प्रश्न आहे. संकुलातील बहुतेक कुटुंबे मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला घेतात. केंद्राने मार्च २०२० मध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम केले तेव्हापासून ही सोय रीतसर झाली आहे आणि अहवाल समजून घेण्यासाठी किंवा चालू औषधाची चिठ्ठी मिळवण्यासाठी ती चांगली आहे. परंतु तेथे दर वेळी पडद्यावर नवा चेहरा येतो, आणि पोटाला हात लावून पाहणे, छातीचा आवाज ऐकणे, चालण्यातला फरक टिपणे यांपैकी काहीच होऊ शकत नाही. सवलतीच्या दरात साठ-सत्तर तपासण्या करून देणाऱ्या योजनांविषयी माझे मत अधिक कडक आहे. निरोगी माणसाच्या इतक्या तपासण्या केल्या की एखादा आकडा केवळ योगायोगानेच मर्यादेबाहेर जातो, घर घाबरते, आणि त्या आकड्याचा अर्थ सांगायला मात्र कोणी नसते. आमच्या डॉक्टरांनी सासऱ्यांसाठी वर्षाच्या तपासण्यांची अर्ध्या पानाची यादी केली आहे: तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडाचे कार्य, लघवीतील प्रथिने, चरबीचे प्रमाण, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, तळपायांची संवेदना, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे चालू असल्यामुळे बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व. यातील प्रत्येक तपासणी का आहे, ते सासऱ्यांना स्वतःला सांगता येते.

या दवाखान्यात उणिवा आहेत आणि त्या स्पष्टपणे लिहिल्या पाहिजेत. सोमवारी सायंकाळी तासाहून अधिक थांबावे लागते, आणि बाहेरच्या लहान खोलीत खोकणारे रुग्ण, तान्ही मुले आणि वृद्ध माणसे एकमेकांना खेटून बसलेली असतात. करोनाच्या काळात लावलेली अंतराची शिस्त टिकायला हवी होती. आतल्या आणि बाहेरच्या खोलीत फक्त पडदा आहे, त्यामुळे आतले बोलणे बाहेर ऐकू येते. स्त्रियांना किंवा मनाच्या त्रासाविषयी बोलू पाहणाऱ्या माणसाला हा मोठा अडथळा आहे, आणि एक लाकडी दरवाजा बसवला तर तो सहज दूर होईल, हे मी डॉक्टरांना प्रत्यक्ष सांगितले आहे. घरी येऊन तपासण्याची सोय फक्त नौपाडा, चरई आणि पाचपाखाडीतल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी आहे. डिजिटल नोंदी नाहीत. आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडण्यासाठी असलेला सरकारचा चौदा अंकी आभा क्रमांक काढून झाला तरी या दवाखान्यातले काहीच त्याला जोडले जात नाही.

यातली शेवटची उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. या गल्लीतील इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत आणि ही इमारतही जाणार आहे. डॉक्टरांनीही साठी ओलांडली आहे. सकाळच्या वेळेत आठवड्यातून तीन दिवस एक तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत बसू लागल्या आहेत, त्या केसपेपर तितक्याच काळजीने वाचतात आणि जुन्या रुग्णांशी त्यांची ओळखही होत आहे, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पण ज्या कागदांवर या दवाखान्याचे सारे सामर्थ्य उभे आहे, ते कागद एका पावसाने किंवा एका स्थलांतराने नष्ट होऊ शकतात. तोवर आम्ही आमच्या घराच्या गठ्ठ्यातील महत्त्वाच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत, आणि डॉक्टरांनी त्याला आनंदाने परवानगी दिली.

अंतराचा प्रश्नही खरा आहे. घोडबंदर रस्त्याच्या वाहतुकीतून वृद्ध माणसाला नौपाड्यापर्यंत नेणे सोपे नाही, म्हणून लहानसहान तक्रारींसाठी मानपाड्यात जवळचा एक दवाखाना आम्ही पाहून ठेवला आहे आणि तेथील चिठ्ठी पुढच्या भेटीत नौपाड्याच्या केसपेपरला जोडली जाते. छातीत दुखणे, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा श्वास न पुरणे अशा वेळी यांपैकी कोणत्याही दवाखान्याकडे जाऊ नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे, हे आमच्या डॉक्टरांनीच आम्हाला सांगितले आहे.

ज्यांच्या घरी असा डॉक्टर अद्याप नाही, त्यांनी सगळे धडधाकट असतानाच तो शोधावा, असे मी सुचवेन. घराजवळचे दोन-तीन दवाखाने निवडावेत आणि एखाद्या साध्या तक्रारीसाठी तेथे जाऊन पाहावे. डॉक्टर लिहून ठेवतात का, मागचे वाचतात का, चालू गोळ्यांची चौकशी करतात का, औषध नको असेल तेव्हा तसे स्पष्ट सांगतात का, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेव्हा वेळ न दवडता पुढे पाठवतात का, एवढ्यावरून बरेच कळते. दवाखान्याची सजावट आणि फीचा आकडा यांवरून फारसे कळत नाही. निवड झाली की पहिल्या भेटीसाठी आठवड्याच्या मधला, कमी गर्दीचा सकाळचा वेळ धरावा, आणि जुने अहवाल, रुग्णालयातून घरी सोडतानाचे कागद, घरात चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, त्यांत आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही आल्या, असे सारे एका पिशवीत घालून सोबत न्यावे.